शून्य आणि अनुस्वार

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून चढताना वाटेत खडकात कोरलेले एक छोटे देऊळ लागते. चतुर्भुजाचे. आत दोनचार माणसांपुरतीच जागा. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. त्यांना वर मानमंदिर गाठायचे असते. जे थांबतात ते देवापेक्षा भिंतीवरच्या लेखासाठी. मोबाइलची बॅटरी लावून, ओळीवरून बोट फिरवत ‘झिरो कुठाय?’ म्हणून शोधतात. विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ चा हा लेख. त्यात एका बागेची मापे दिली आहेत: २७० हात लांब, १८७ हात रुंद. त्या बागेतल्या फुलांच्या रोज ५० माळा देवाला जायच्या. २७० आणि ५० या आकड्यांतला शेवटचा अंक म्हणजे शेजारच्या अंकांपेक्षा बारीक असे एक वर्तुळ आहे. आज आपण काढतो तसेच. जगातले हे सर्वांत जुने शून्य नव्हे. कंबोडियातला एक शिलालेख याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीचा, इसवी सन ६८३ चा आहे. ग्वाल्हेरकर हे ऐकून घेत नाहीत, तो भाग वेगळा.

त्या वर्तुळाचे काम मोठे मजेचे आहे. एककाच्या घरात कोणी नाही, पण घर आहे, एवढेच ते सांगते. ते पुसले तर बाग दहापटीने आखडते. शाळेत याला आपण स्थानमूल्य म्हणतो आणि चौथीनंतर विसरून जातो. अशीच एखादी बारीक खूण आणखी दोन ठिकाणी सगळा अर्थ फिरवते. सिरॅमिक पदार्थांतले अणूंच्या पातळीवरचे दोष आणि वनस्पतींतले अधिजनुकीय फरक हे संशोधनाचे दोन प्रांत एकमेकांपासून पुष्कळ दूरचे. त्यांत काम करणारी माणसेही सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. तरी दोन्हीकडचा मूळ प्रश्न या देवळात उभे राहून चटकन कळतो. पदार्थाचे सूत्र ठाऊक आहे, बियाण्याचे वाण ठाऊक आहे. मग तोच पदार्थ, तेच बियाणे दर वेळी वेगळे का वागते?

सुरुवात मिठापासून करू. मिठाचा स्फटिक म्हणजे सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक मांडलेली जाळी, असे चित्र आपल्या डोक्यात असते. चित्र बरोबर आहे, पण त्यात काही घरे रिकामी दाखवायची राहून जातात. बारावीच्या पुस्तकातला आकडा असा: खोलीच्या तापमानाला १ घन सेंटीमीटर मिठात अशा रिकाम्या जागांच्या सुमारे १० लाख जोड्या असतात. दहा लाख हा आकडा मोठा वाटतो. पण तेवढ्याच मिठात अणू इतके असतात की हे प्रमाण १ वर १६ शून्ये दिली तर त्यांतले एक, असे पडते. आच वाढवली की रिकाम्या जागाही वाढतात. याकव फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये आणि वॅग्नर-शॉट्की या जर्मन जोडीने १९३० मध्ये हे गणित मांडले. त्याचा मथितार्थ असा की एकही जागा रिकामी नाही असा स्फटिक फक्त निरपेक्ष शून्य तापमानालाच शक्य आहे. त्याच्या वर थोडीशीही ऊब असली की काही अणू जागा सोडणारच. तेव्हा ‘दोष’ हा शब्दच थोडा अन्यायाचा आहे. कारागिराच्या हातून झालेली ही चूक नव्हे. पदार्थ उबदार असण्याचाच तो भाग आहे.

या रिकामपणाला लिहिण्याची रीत १९५६ मध्ये हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या क्रोगर आणि विंक यांनी बसवली. अणू नसलेल्या जागेला त्यांनी स्वतंत्र अक्षर दिले आणि त्या जागेवरचा विद्युतभार दाखवायला माथ्याशी टिंबे द्यायचे ठरवले. ऑक्सिजनचा आयन आपल्याबरोबर दोन ऋण भार घेऊन असतो. तो निघून गेला की मागे उरलेली जागा दोन धन भारांसारखी वागते, म्हणून तिच्या माथ्याशी दोन टिंबे. जिथे काही नाही तिथे भार आहे, आणि तो जमाखर्चात धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही. चतुर्भुजाच्या भिंतीवरचा लेखनिक हे पाहून फारसा चकित झाला नसता असे आम्हाला वाटते.

देवळापासून थोडे वर गेले की मानमंदिर. राजा मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी हा वाडा उभा केला. बाहेरच्या दगडी भिंतीवर झिलईच्या फरशांचे निळे पट्टे आहेत, त्यांवर पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, आणि केळीची झाडे. १५२८ मध्ये बाबर इथे आला तेव्हा त्याने या केळींची आपल्या आठवणींत नोंद केली. ऊन कललेले असताना तिथे उभे राहावे. दगड पाचशे पावसाळ्यांत काळवंडला आहे, कडा झिजल्या आहेत; जिथे फरशी टिकली आहे तिथे निळा रंग मात्र काल लावल्यासारखा दिसतो. झिलईचा रंग विटत नाही, कारण तो वर फासलेला नसतो. काचेसारख्या थरात मूठभर परके अणू अडकलेले असतात आणि त्यांना शेजार कोणाचा मिळाला यावर रंग ठरतो. तांबे घ्या. सोड्याच्या झिलईत ते फिरोजी निळे दिसते, शिशाच्या झिलईत हिरवे; आणि भट्टीत धूर कोंडून हवा तोडली तर तेच तांबे लाल होते. कुंभाराला हे शतकानुशतके ठाऊक होते. माणिक आणि पांढरी अॅल्युमिना भुकटी यांतला फरकही शेकडा एकाच्या आसपास शिरलेल्या क्रोमियमचाच. रिकाम्या जागाही रंग देतात. मीठ सोडियमच्या वाफेत तापवले तर ते पिवळे पडते; निघून गेलेल्या क्लोरीनच्या जागी एक इलेक्ट्रॉन येऊन बसतो आणि प्रकाशाचा काही भाग गिळतो. जर्मनांनी त्या जागेला रंगाच्या शब्दावरूनच ‘एफ-केंद्र’ म्हटले.

रंग ही त्यातली देखणी बाजू. कामाची बाजू ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही गॅरेजात बघायला मिळेल. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स नियम आले आणि मोटरसायकलींच्या सायलेन्सरच्या नळीत ‘ओ-टू सेन्सर’ दिसू लागला. मेकॅनिक तो खोलून काजळी दाखवतो आणि ‘ये गया’ म्हणून बाजूला ठेवतो. त्याच्या पोटात झिर्कोनिया नावाचे सिरॅमिक असते, इट्रियाची भेसळ केलेले. भेसळ हाच शब्द योग्य आहे. झिर्कोनियमचे चार भार, इट्रियमचे तीन. दोन इट्रियम घुसवले की हिशेब मिटवायला ऑक्सिजनची एक जागा रिकामी सोडावी लागते. त्या रिकाम्या घरांतून ऑक्सिजन उड्या मारत जातो, जसे गर्दीच्या डब्यात एक सीट रिकामी झाली की ओळीने सगळे एकेक सरकतात. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन आणि नळीतल्या धुरातला ऑक्सिजन यांत फरक असला की व्होल्टेज तयार होते आणि इंजिनाला इंधन कमी-जास्त करण्याची खूण मिळते. याच जातीची भेसळ वाल्थर नेर्न्स्टने १८९७ च्या सुमारास दिव्यासाठी वापरली होती. दिवा मागे पडला. वीज तिथून वाहते कशी याचा उलगडा वॅग्नरने १९४३ मध्ये केला, आणि मोटारीत सेन्सर आला १९७६ मध्ये. म्हणजे दिव्यापासून गाडीपर्यंत ऐंशी वर्षे.

रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असेल तर सेवक, आणि नकळत राहिली तर वैरी. आपल्या खिशातल्या फोनमध्ये हजाराच्या आसपास बारीक कपॅसिटर असतात, प्रत्येक म्हणजे बेरियम टायटनेटचे थरावर थर. भाजताना ऑक्सिजन थोडा जरी कमी पडला तरी जागा रिकाम्या राहतात आणि वर्षानुवर्षे व्होल्टेजच्या ओढीने मुंगीच्या चालीने ऋण टोकाकडे सरकतात. पुरेशा जमल्या की वीज गळू लागते. फोन ‘आपोआप’ बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा कधी कधी हे घडलेले असते. उपाय म्हणून उत्पादक त्यात डिस्प्रोसियमसारखे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य चिमूटभर घालतात. त्याने या जागांची चाल मंदावते.

आमच्या मते इथेच एक कडू गोष्ट बोलायला हवी. कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत फेराइटवर, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकवर, काम करण्याची जुनी परंपरा आहे. फेराइटमध्ये सगळा खेळच कोणता धातू कोणत्या घरात बसला याचा असतो. तेच सूत्र, पण जस्त किंवा लोह दुसऱ्या घरात गेले की चुंबकत्व बदलते. अशा पदार्थांवर देशभरातून दरवर्षी ढिगाने शोधनिबंध निघतात. त्यांतले कितीतरी सूत्र सांगतात, क्ष-किरणांचा आलेख जोडतात, आणि भट्टीबद्दल एका वाक्यात उरकतात: इतक्या अंशाला इतके तास. थंड किती वेगाने केले, भट्टीत हवा होती की नायट्रोजन, भुकटी कोणत्या बाटलीतली, याचा पत्ता नसतो. जे ठरवते तेच लिहिलेले नसते. २००३-०४ पासून काही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत ऑक्सिजनचे अणू आणि त्यांच्या रिकाम्या जागा जवळजवळ डोळ्यांनी दिसू लागल्या आहेत. ती यंत्रे महाग आहेत. आपल्या बहुतेक विभागांच्या आवाक्याबाहेरची. पण भट्टीची वही ठेवायला पैसे पडत नाहीत.

आता बागेकडे वळू. वनस्पतीच्या पेशीतला डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. त्या अक्षरांवर आणखी काही लिहिलेले असते. सायटोसिन या अक्षरावर पेशी एक मिथाइल गट चिकटवते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. अक्षर तेच राहते, वाचन बदलते; अधिजनुकीय फरक म्हणतात तो हाच. मराठी माणसाला हे समजावायला उपमा शोधावी लागत नाही. ‘वश’ लिहा आणि व वर एक टिंब द्या: ‘वंश’. अक्षरे दोनच, तीच. टिंबाने शब्दाचा अर्थ पार बदलला. काही टिंबांनी काहीच होत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. आपले आजोबा ‘नांव’ लिहीत, आपण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ‘नाव’ लिहितो, आणि कुणाच्या नावात फरक पडला नाही. शिंदेशाही दप्तरातली मोडी वाचणाऱ्यांना विचारा. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही, संदर्भावरून वाचावे लागते. जनुकांवरच्या खुणांचेही असेच. काही निर्णायक, काही निव्वळ सवयीच्या, आणि कुठली कोणती हे नुसते पाहून कळत नाही.

निर्णायक टिंबाचे प्रसिद्ध उदाहरण एका रानफुलाचे आहे. कार्ल लिनियसकडे १७४० च्या दशकात एक विचित्र रोप आले. टोडफ्लॅक्स या युरोपीय रोपाचे फूल एरवी ओठाळे असते, डावी-उजवी बाजू सारखी पण वर-खाली वेगळे. या रोपाचे फूल मात्र चहूबाजूंनी सारखे होते. वर्गीकरणावर आयुष्य घातलेल्या माणसाला हा मोठाच धक्का. १७४४ मध्ये त्याने त्याचे वर्णन केले आणि राक्षसाच्या अर्थाचा ग्रीक शब्द वापरून नाव ठेवले, पेलोरिया. पुढे अडीचशे वर्षे लोक समजत होते की याचे जनुक बदललेले असणार. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथल्या जॉन इन्स केंद्रात तशाच फुलाचा तपास झाला. फुलाचा आकार ठरवणारे जनुक अक्षरन् अक्षर शाबूत होते. फक्त ते मिथाइलच्या टिंबांनी गच्च भरून बंद पडले होते. एखाद्या फांदीवर टिंबे गळाली की तिथे पुन्हा ओठाळी फुले येतात. बिनदोष अक्षरांचा हा राक्षस पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

शेतकऱ्याच्या खिशाशी गाठ पडते ती तेलताडात. एकाच उत्तम झाडापासून ऊतीसंवर्धनाने हजारो रोपे करायची, सगळी सारखी निघतील, हा हिशेब. पण कित्येक रोपांना काही वर्षांनी भलत्याच आकाराची, तेल न देणारी फळे लागू लागली. झाड फळाला येईपर्यंत ते कळत नाही, तोवर जमीन आणि वर्षे दोन्ही गेलेली. २०१५ मध्ये मलेशियातल्या गटाने कारण सांगितले: एका जनुकाच्या पोटात बसलेल्या ‘कर्मा’ नावाच्या भटक्या तुकड्यावरची टिंबे बाटलीतल्या मुक्कामात गळाली होती. टिंबे शाबूत असतील तर ‘गुड कर्मा’, गळाली तर ‘बॅड कर्मा’, असे त्यांनीच म्हटले. नावे ठेवणाऱ्यांना दाद द्यावी. जळगावकडे ग्रँड नैनच्या ऊतीसंवर्धित रोपांवर केळीची शेती उभी आहे, तिथेही लॉटमध्ये थोडी बुटकी किंवा वेगळ्या पानाची रोपे निघतात आणि रोपवाटिकेत ती वेचून काढली जातात. त्यातले सगळेच फरक टिंबांचे नसतात, काही खरेच अक्षरांतले असतात. ते वेगळे ओळखायला चाचणी लागते, नजर पुरत नाही.

इथपर्यंत आले की वाचकाच्या मनात एक मोठे वाक्य तयार होऊ लागते: म्हणजे झाडे अनुभव पुढच्या पिढीला देतात! थांबायला हवे ते इथेच. थंडीचे उदाहरण घेऊ. कित्येक झाडांना हिवाळा सोसल्याशिवाय फुलता येत नाही. अॅरेबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या छोट्या रोपात याची यंत्रणा नॉरिचच्याच कॅरोलिन डीन यांच्या गटाने वर्षानुवर्षे उलगडली. फुलोरा अडवून धरणारे एक जनुक असते. थंडीच्या आठवड्यांत ते एकेका पेशीत बंद होत जाते. पेशीपुरते ते एकतर चालू, नाहीतर बंद. मधले काही नाही. जितकी थंडी लांबली तितक्या जास्त पेशींत ते बंद, आणि या बेरजेतून झाड हिवाळा मोजते. बंद झालेले ऊब आल्यावरही बंदच राहते, म्हणून स्मृती म्हणायचे. पण बी धरताना ही पाटी पुसली जाते. पुढच्या पिढीला आपला हिवाळा स्वतःच सोसावा लागतो.

यातली विसंगती इतिहास ठाऊक असलेल्याला बोचेल. सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेन्कोने नेमके थंडीचेच भांडवल केले होते: गव्हाला थंडी दाखवा, त्याचा स्वभाव बदलेल आणि तो वंशात उतरेल. स्टालिनच्या आशीर्वादाने १९४८ मध्ये हे अधिकृत विज्ञान झाले. त्याला विरोध करणारा, जगभरचे बियाणे गोळा करणारा निकोलाय वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मेला होता. अधिजनुकीय संशोधनाने लिसेन्कोला न्याय मिळाला असे अधूनमधून कोणी लिहितो. वस्तुस्थिती उलटी आहे. त्याने वारशाने जाते म्हणून जी खूण सांगितली तीच दर पिढीला पुसली जाते. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या व्याख्यानांत या संशोधनाचा हवाला देण्याची फॅशन निघाली आहे; त्या व्याख्यात्यांनी तर आणखी जपून बोलावे. सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक खुणा पुढची पिढी घडताना दोनदा पुसल्या जातात. वनस्पतींत पुसणे त्यामानाने ढिले असते, म्हणूनच पेलोरिया शक्य झाला. झाडावरून माणसावर उडी मारण्याइतका पुरावा कुणाच्याही हाती नाही.

मग ग्वाल्हेरला याचे काय? किल्ल्यावरून थंडीत उत्तरेकडे पाहिले तर मुरैना-भिंडच्या बाजूला क्षितिजापर्यंत पिवळे दिसते. मोहरीचा हा पट्टा देशातल्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय २००८ मध्ये ग्वाल्हेरात उभे राहिले. त्याच्या मुरैना केंद्रात मोहरीवर काम चालते, आणि ‘राजविजय’ नावाची वाणे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. पेरणीच्या वेळी, ऑक्टोबरच्या आरंभी, जमीन अजून तापलेली असते आणि कोवळी रोपे करपतात. जानेवारीत पाल्याची, म्हणजे दवगोठणीची, भीती. फेब्रुवारी-मार्चमध्ये लवकर ऊन चढले की दाणा बारीक राहतो. अशा उन्हात वाढलेल्या आईच्या बियांत आणि थंड वर्षातल्या बियांत फरक असतो का? असला तर तो दाण्याच्या आकाराचा, साठ्याचा, की टिंबांचा? आणि किती पिढ्या टिकतो?

आपली बियाणेव्यवस्था हा प्रश्न विचारतच नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात वाणाची कसोटी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य यांवर होते. प्रमाणीकरणात जनुकीय शुद्धता पाहतात, उगवण पाहतात. त्यात गैर काही नाही, शेतकऱ्याची फसवणूक टाळायला ते हवेच. पण या सगळ्या चाचण्या अक्षरे वाचतात किंवा रूप पाहतात. आईने कुठे, कोणत्या हंगामात, किती उन्हात बी धरले याची नोंद बीजोत्पादकाच्या वहीत कधी असते, कधी नसते. आणि चाचणीच्या निकालाशेजारी ती छापली जात नाही. फेराइटच्या निबंधातली भट्टी जशी गाळली जाते तशीच.

अधिजनुकीय बियाणे म्हणून काही विकायला येईल आणि त्यावर अनुदान मागितले जाईल, त्याआधी हे करून पाहता येईल. त्याला जीनोमची यंत्रेही लागत नाहीत. एकाच वाणाचे, एकाच मूळ बियाण्यापासून निघालेले बी दोन ठिकाणी वाढवायचे, एक मुरैनाच्या उन्हात उशिरा पेरलेले, एक वेळेवर आणि पाणी देऊन. त्या दोन्हींचे बी पुढच्या वर्षी एकाच शेतात, शेजारी शेजारी. त्यांचे बी त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा तसेच. कारण पहिल्या वर्षीचा फरक आईने दाण्यात भरलेल्या शिदोरीचाही असू शकतो, आणि शिदोरी एका पिढीत संपते. तिसऱ्या वर्षीही फरक उरला, तरच मिथाइल मोजण्यावर पैसे घालावेत. जागा फार लागणार नाही. चतुर्भुजाच्या लेखातल्या बागेची एक कडसुद्धा पुरेल, आणि वहीच्या पहिल्या पानावर लांबी, रुंदी आणि तारीख लिहावी लागेल.